जोडखिसा

भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला की आजही माझा जीव वर-खाली होतो, मित्रांनो. मला टांगणार, की माझ्या जागी दुसऱ्या कुणाला? वय झालं की असल्या शंका येतात. मी एक जुना तक्ता आहे, पण लाकडाचा नव्हे, कापडाचा. जाड निळं कापड, वर-खाली पट्ट्या आणि अंगभर सहा रांगांत खिसे. तुमच्या शर्टाला एखाद-दुसरा खिसा असेल, मला चोवीस आहेत. खरं तर तीस शिवले होते. सहा का गेले, तेही सांगतो.

छापखान्यावरच्या खोलीत एक बाई संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. दिवसभर राबून आलेली माणसं असत ती. त्यांत एक टेलरकाका होते. बाईंच्या सांगण्यावरून त्यांनीच मला शिवलं, पडद्याच्या उरलेल्या कापडातून. मोठ्या ऐटीत त्यांनी मला बाईंसमोर उलगडलं. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"झकास झालाय. पण प्रत्येक रांगेतले हे दोन खिसे उसवा. दोघांचा एकच करा."

"उसवू? अहो बाई, दुहेरी टीप मारलीय!"

"मारली असेल. पण इथे वेट आणि फॉर बसणार, लिसन आणि टू बसणार. जोडीने राहणारे शब्द आहेत हे. त्यांच्यात भिंत नको."

काका पुटपुटत उसवायला बसले. सुईची ती भोकं माझ्या अंगावर अजून दिसतात. असा माझा जोडखिसा झाला, आणि मला त्याचा भारी अभिमान.

पहिल्या खिशात आय, यू, शी, म्हणजे मी, तू, ती असे शब्द बसत. दुसऱ्यात कॅन, मस्ट, शुड, मे. बाई म्हणत, "दिसायला एवढेसे, पण वाक्याचा सगळा सूर यांच्या हातात. वाट पाहू शकते, वाट पाहायला हवी, वाट पाहावीच लागेल, हे सारखं आहे का?" मग जोडखिसा, आणि शेवटी उरलेलं वाक्य. खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं की कार्डं माझ्या खिशांत थरथरायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

एकदा दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या मावशी धावतच वर आल्या. "बाई, नव्या डॉक्टरांना मी म्हटलं, यू शुड लुक ॲट धिस! आणि त्यांनी खरंच वळून पाहिलं हो!" सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

टेलरकाकांची मात्र एक खोड जाईना. ते हमखास एखादं कार्ड उलटं खोचत, अक्षरांचे पाय वर. मग बाई "उलटं! उलटं बसलंय ते!" म्हणत खुर्चीतून उठत आणि स्वतः नीट करत. उलटं अक्षर त्यांना क्षणभरही सहन होत नसे.

पुढे छापखाना विकला गेला, वर्ग बंद पडला. बाईंनी मला गुंडाळून घरी नेलं आणि कपाटावर ठेवलं. तिथे माझी बरीच वर्षं गेली. धूळ बसली, एक कोपरा उंदराने कुरतडला. कुणीतरी बोलावेल, याची वाट पाहत होतो.

एका सकाळी बाई न्हाणीघरात पडल्या. उजवी बाजू गेली, जीभ लुळी पडली. त्यांची लेक धावत आली. लेक वाईट नव्हती, मित्रांनो, दमली होती. बाईंनी काहीही सांगायला मान हलवली तरी ती पाणीच पाजे. बाईंनी डाव्या हाताने लिहून पाहिलं, तर कागदावर नुसते फराटे उठले. शेवटी लेक फोनवर भावाला सांगू लागली, "आईला आता काही कळत नाही रे. पुढच्या आठवड्यात तिला वृद्धांच्या संस्थेत नेते, घर विकून टाकू." आणि हे सगळं कुठे, तर आईच्या पलंगाशी उभं राहून! कपाटावरून मी बाईंचे डोळे पाहत होतो. त्यांना शब्द न् शब्द कळत होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

चार दिवसांनी टेलरकाका भेटायला आले. लेक म्हणाली, "काका, बोलून उपयोग नाही. ती कुणाला ओळखत नाही." काका अवघडून बसले. काय करावं सुचेना, म्हणून इकडेतिकडे बघता बघता त्यांना मी दिसलो.

"अरेच्चा! हा तर माझा तक्ता!"

त्यांनी माझी धूळ पुसली आणि मला पलंगाजवळ कॅलेंडरच्या खिळ्यावर टांगलं. कार्डं माझ्या खिशातच होती. जुन्या आठवणीने त्यांनी पहिली रांग लावली. एक कार्ड अर्थातच उलटं.

बाईंच्या घशातून आवाज आला. लेक धावली, "दुखतंय का, आई?" बाईंचा डावा हात वर आला. त्यांनी ते कार्ड ओढून काढलं, फिरवलं, आणि तीनदा चुकत चुकत पुन्हा खिशात बसवलं. सुलट.

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ताई, यांना सगळं कळतंय! अहो, सगळं कळतंय!"

त्यांनी उरलेली कार्डं चादरीवर पसरली. बाईंनी बराच वेळ शोधलं. दुसऱ्या रांगेत पहिल्या खिशात यू आलं. मग मस्ट. मग जोडखिशात लिसन आणि टू, खेटून. शेवटी इंग्रजीतलं 'मी', म्हणजे 'मला'. तुला माझं ऐकावंच लागेल.

या खोलीत आपण काय काय बोललो ते लेकीला आठवलं असावं. तिने पलंगाशी खुर्ची ओढली. "चुकलं माझं, आई. सांग तू. मी ऐकते."

घर विकलं नाही. लेकीने मराठीत नवी कार्डं लिहिली, पाणी, खिडकी, कंटाळा, नको. 'नको'चं कार्ड महिन्याभरात झिजलं, इतकं ते चाले. बाई पुढे दोन वर्षं आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर राहिल्या आणि तिथूनच गेल्या.

काल लेकीने मला तिच्या घरी आणलं. खिळा ठोकला तो माझ्यासाठीच होता. मित्रांनो, मला ऊन दाखवा, कसरीपासून जपा, एवढं कराल तर बरं वाटेल. पण खरं मागणं वेगळं आहे. घरात कुणाची वाचा गेली, तर त्या माणसाच्या उशाशी उभं राहून त्याच्याविषयी बोलू नका. खुर्ची ओढून त्याच्याशी बोला, आणि तो उत्तर शोधेपर्यंत थांबा. लेकीने माझे सगळे खिसे रिकामे करून मला धुतलं, वाळवलं. मग दुसऱ्या रांगेतली ती पाच कार्डं होती तिथेच परत ठेवली.