खोक्यातला सरदार

पुण्याला मार्केटिंग शिकून रोनक जळगावला परतला, तो डोक्यात बैल घेऊनच. शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचं, त्याला लहानपणापासून वेड. जोडी धुरळा उडवत सुटली की हा कठड्यावर चढून घसा बसेपर्यंत ओरडणार. म्हणून पटातल्या नावाजलेल्या जोड्यांचे वीतभर पुतळे करून विकायचं त्याने ठरवलं, तेव्हा त्यात धंद्यापेक्षा भक्तीच जास्त होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पुतळे घडवले धुळ्याच्या दिपमालाताईंनी. शिंगांचा बाक, पाठीवरचा ठिपका, सगळं अस्सल. रोनकचे वडील केवलचंद यांनी आपल्या खेळण्यांच्या दुकानातलं दर्शनी काउंटर दिलं, पण अट घातली.

"पोळ्यापर्यंत. नाही चाललं तर तिथे शाळेच्या पाण्याच्या बाटल्या लागतील, आणि तू माझ्या शेजारी गल्ल्यावर बसशील. मग पुन्हा बैलाचं नाव काढायचं नाही."

रोनक हो म्हणाला. हे काउंटर गेलं तर आयुष्यभर बाटल्याच विकाव्या लागतील, हे त्याला दिसत होतं.

मग त्याने पुण्यात पाहिलेली युक्ती लढवली. प्रत्येक बैल वेगळ्या सीलबंद खोक्यात; आत कोण आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही. त्यातही लोटन आबांच्या सरदार-वादळ या जोडीतला वादळ त्याने मुद्दाम अगदी थोडा बनवून घेतला. पुण्यात हवा तो नग निघेपर्यंत पोरं खोक्यांवर खोकी घेतात.

"अपुरं राहिलं की माणूस परत येतोच, पप्पा," रोनक म्हणाला.

माणसं परत आली. पण बैल घेऊन आली.

पहिले आले खुद्द लोटन आबा. पारोळ्याकडचे, पटातलं बडं प्रस्थ. पहिल्याच खोक्यात त्यांचा स्वतःचा सरदार निघाला होता, तेव्हा रोनकला आभाळ ठेंगणं झालं होतं. आता तोच सरदार आबांनी काउंटरवर ठेवला.

"याना जोडीदार कोठे शे, भाऊ?"

"वादळ? तो दुसऱ्या खोक्यात असतो, आबा. नशिबात असेल तर निघतो."

आबांनी पिशवी पालथी केली. नशीब आजमावून झालं होतं. आणखी चार खोकी फोडूनही वादळ नव्हता. उलट पंडितचा बैल निघाला होता. पंडित म्हणजे पटातला आबांचा जुना वैरी.

"हाऊ मना घरमा? मना सरदारना शेजारी?"

"चुकलं, आबा. पैसे परत देतो."

"पैसा नको माले. पन सरदार एकला कसा ऱ्हाई? सांजले त्याले देखीसन मना जीव तुटस. आठे बठ्ठासमा ऱ्हाऊ दे."

सरदारला बाकीच्या सगळ्या बैलांत उभं करून, त्याच्या पाठीवरून हात फिरवून आबा निघून गेले. त्यांच्यामागून बाकीचेही तसेच आले. कोणी भांडलं नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. आपापला बैल हलकेच काउंटरवर ठेवायचा, त्याचं तोंड इतरांकडे करायचं आणि जायचं. रोनकच्या रील्सवर बदाम टाकणारे हजारो होते, पण घरात एकटा बैल ठेवायला त्यातला एक तयार नव्हता. पुण्यात ज्याची हाव सुटायची, त्याची इथे लोकांना दया येत होती.

रोनकला रडू आलं. मागच्या खोलीत जाऊन तो रडलाही. मग तोंड धुताना त्याला आठवलं की कठड्यावर चढून आपण कधी नुसतं 'सरदार' असं ओरडलोच नव्हतो. 'सरदार-वादळ' एका दमात निघायचं. स्वतःचाच त्याला असा राग आला की तो कटर घेऊन धावला आणि उरलेली खोकी फाडत सुटला.

"अरे, अरे, सीलबंद माल आहे!" केवलचंद गल्ल्यावरून ओरडले.

"माल नाही, पप्पा. बैल आहेत."

जोड्या लागत गेल्या. शेवटी मात्र सरदारांची एक रांगच उरली. केवलचंद चष्मा वर करून जवळ आले.

"यांचे जोडीदार?"

"वादळ कमीच केलेत. दुर्मिळ म्हणून."

केवलचंद गल्ल्यावर जाऊन बसले. उठले. पुन्हा रांगेकडे बघून आले.

"त्या दिपमालाताईंना फोन लाव," ते खेकसले. "बघवत नाही हे."

आणि लग्नकार्यालाही गल्ला न सोडणारा हा माणूस वादळ तयार झाल्याबरोबर स्वतः एसटीने धुळ्याला गेला, आणि खोकं मांडीवर धरून परत आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी बैल ठेवून गेलेल्यांना रोनकने जोडीदार तसाच दिला. आबांनी सरदार-वादळ उराशी धरले, आणि वर पंडितची जोडीही विकत घेतली.

"त्याले मी दी येस," आबा म्हणाले. "तो बी रडत व्हई."

पोळा झाला. चाललं की नाही चाललं, केवलचंद एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात बाटल्यांची खोकी येऊन पडली, तेव्हा रोनकचा चेहरा उतरला. तो काउंटर रिकामं करू लागला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक गल्ल्याशी थांबलं. तिथे शेवटचे सरदार-वादळ उभे होते, कपाळाला कुंकू लावलेले. रोनकने तर लावलं नव्हतं.

"शेठ, यातला हाऊ एक द्या. पोऱ्याले खेळाले."

आलेलं गिऱ्हाईक केवलचंदांनी जन्मात कधी परत पाठवलं नव्हतं. त्यांनी दोन्ही बैल हळूच स्वतःकडे ओढले.

"एकला देत नही, भाऊ. जोडी शे ती." मग मान न वळवताच ते ओरडले, "रोनक, त्या बाटल्या माळ्यावर टाक!"