तुफानचा उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुना गावठी कुत्रा आहे. माझं नाव तुफान. हल्ली या नावाने कुणी हाक मारली की माझं मलाच ओशाळल्यासारखं होतं, कारण बसल्या जागेवरून उठायला मला दोनदा जोर करावा लागतो. पण जे सांगायचं आहे ते सांगून टाकतो, मग निवांत पडून राहीन.

तासगावच्या बाहेर बेदाण्याचं एक शेड आहे. प्रशांत तिथे कामाला होता. एके सकाळी टेम्पोखाली कुडकुडणारं पिल्लू त्याला सापडलं. ते मी. त्याने मला सदऱ्यात गुंडाळून घरी नेलं. त्याची आई पारूबाई म्हणाली, "आनलंस व्हय अजून एक खाणारं?" आणि लगेच दुधात भाकरी कुस्करायला बसली.

त्या दिवसांत प्रशांत मोबाईलवर कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती बघायचा. कुत्री उड्या मारतात, बोगद्यातून पळतात, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी जातात आणि माणूस शेजारून धावत नुसत्या हाताने वाट दाखवतो. ते त्याच्या डोक्यात बसलं. शेडमागच्या मोकळ्या जागेत त्याने द्राक्षबागेतले जुने बांबू रोवले आणि उडीसाठी त्यांतल्या दोघांना एक आडवी काठी बांधली. दोन निळ्या बॅरलची बुडं कापून ती बॅरलं एकमेकांना जोडली; झाला बोगदा.

सुरुवातीचे दिवस छान होते. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी तो पालथा पडायचा आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवून मला बोलवायचा. आतल्या अंधाराची मला भीती वाटायची, पण पलीकडे त्याचा चेहरा दिसायचा. शेवटी एकदा मी गेलो. त्याने मला उचलून गरगर फिरवलं. मित्रांनो, अंड्यापेक्षा मला ते गोड लागलं.

मी आठ महिन्यांचा असताना सांगलीच्या एका मैदानावर शर्यत झाली. मी पहिला आलो. गल्लीतली माणसं मला बघायला आली, फोटो काढून गेली. प्रशांत माझी मान खाजवत म्हणाला, "फुडच्या महिन्यात सातारा. तितं काठी लय उंच असती, गड्या."

दुसऱ्या दिवसापासून आडवी काठी वर सरकू लागली. आधी माझ्या छातीपर्यंत, मग पाठीच्या वर, मग डोक्याच्याही वर. खालची जमीन मुरमाड आणि टणक. उडी मारून उतरलो की पुढच्या उजव्या पायातून कळ जायची. मी ती लपवली. त्याची शाबासकी थांबेल, एवढीच मला भीती होती.

पारूबाईच्या मात्र ध्यानात आलं. "पाय उचलून धरतंय त्ये. दोन दिस ऱ्हाऊ दे की."

"कटाळा करतंय आये. हुईल सवय."

"अरं, बोलता येत न्हाई म्हणून दुखत बी न्हाई व्हय त्येला?"

प्रशांतने काठी होती तिथेच ठेवली.

साताऱ्याला चौथ्या उडीनंतर मी खाली आलो तो उठलोच नाही. शर्यतीसाठी आलेल्या जनावरांच्या डॉक्टर रेश्मा तिथेच होत्या. त्यांनी पाय चाचपला आणि विचारलं, "किती महिन्यांचा आहे?"

"नऊ."

"अहो, याची हाडं अजून वाढतायत. दीड वर्षाचा होईपर्यंत काठी जमिनीलगत ठेवायची, नुसती ओलांडायला शिकवायची. आता हा चालेल. उड्या मात्र विसरा."

प्रशांतने मला कधी मारलं नाही, वाऱ्यावर सोडलंही नाही. पण शेडमागे जाणं त्याने बंद केलं. बॅरलमध्ये गवत वाढलं. माझ्या लंगड्या पायाकडे नजर गेली की तो चटकन दुसरीकडे बघायचा. मी पडलो म्हणून तो रागावला आहे, असंच मी समजत होतो. पारूबाई रोज संध्याकाळी तेल लावून पाय चोळायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता थंडीत पाय फार ठणकतो.

मागच्या महिन्यात प्रशांतच्या लेकीने, प्रियदर्शनीने, एक पिल्लू आणलं. तिलाही त्याला हेच शिकवायचं आहे. तिने गवत उपटलं, बॅरल धुतली आणि विचारलं, "पप्पा, काठी किती उंच लावू?"

"काठी लावूच नगंस. वरीसभर तरी."

"का?"

प्रशांत माझ्याजवळ येऊन खाली बसला. कितीतरी वर्षांनी त्याने माझा उजवा पाय हातात घेतला. "ह्या पायाला इचार," तो तिला म्हणाला. "मी इचारलं न्हाई."

मी त्याचा हात चाटला. म्हणजे तो माझ्यावर रागावलेला नव्हताच. एवढं बोलायला त्याला आणि कळायला मला दहा वर्षं लागली, मित्रांनो.

तुम्हीही एखाद्या पिल्लाला पळायला शिकवाल. जरूर शिकवा, आम्हाला तुमच्याबरोबर पळायला फार आवडतं. फक्त ते थबकलं तर तुम्हीही थांबा, त्याचा पाय हातात घेऊन बघा. तुम्ही खूश व्हावं म्हणून आम्ही दुखऱ्या पायानेही उडी मारतो.