कोरडा फोटो

“बाई आल्यात. पायरीवर बसल्यात. तुम्ही मागच्या दारानं आलात ते बेस केलं,” टेबलावरून मान वर न करता काकासाहेब म्हणाले.

व्यंकटराव मागच्या दारानं आले होते ते काही हौसेनं नव्हे. औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर वळतानाच त्यांना छापखान्याच्या पायरीवर ते विटकं निळं लुगडं दिसलं, आणि पन्नाशीला टेकलेला हा सभ्य गृहस्थ, डोक्यावर टोपी, खांद्याला कॅमेरा, चोरासारखा बोळात शिरला. गटार ओलांडली, कागदाच्या गठ्ठ्यांवरून वाट काढली आणि आत येऊन खुर्चीत बसला. आता त्यांना धाप लागली होती आणि स्वतःची लाजही वाटत होती.

‘छावणी-वृत्त’ हे साप्ताहिक काकासाहेबांचं. छावणीतल्या पलटणींच्या बातम्या, खेळ, बढत्या, बदल्या, जवानांच्या घरची लग्नं-बारशी असा मजकूर त्यात असायचा. वाचक म्हणजे जवान आणि त्यांच्या गावाकडची माणसं. बातम्या लिहिणारे, फोटो काढणारे, ते धुणारे आणि प्रुफं तपासणारे असे सगळे मिळून एकटे व्यंकटराव. त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत उर्दू कारकुनी करत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीची भाषा बदलली आणि घरातली पिढीजात लेखणी एका फटक्यात निकामी झाली. व्यंकटरावांनी मग मराठीत हात बसवला आणि जोडीला कॅमेरा शिकून घेतला. ‘ब्रिगेडियरसाहेबांच्या सौभाग्यवतींच्या शुभहस्ते पारितोषिक वितरण’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की झोपेत लिहायला लावलं असतं तरी वेलांटी चुकली नसती.

फिल्मची मात्र कायम मारामार. एका रोलवर बारा फोटो निघायचे, आणि समारंभाला आलेल्या प्रत्येकाला वाटायचं, आपला एक निघालाच पाहिजे. त्यावर या दोघांनी एक तोड काढली होती. साहेबलोकांचे फोटो खरे काढायचे. बाकीच्यांसमोर कॅमेरा धरायचा, ‘हसा’ म्हणायचं आणि रिकाम्या कॅमेऱ्याचा नुसता खटका दाबायचा. मंडळी खूश. अंकात फोटो आला नाही की ‘जागा पुरली नाही हो’ म्हणून मोकळं व्हायचं. काकासाहेब याला कोरडा फोटो म्हणत. यात काही वाईट आहे असं दोघांच्या मनाला कधी शिवलं नाही, कारण पुढच्या शुक्रवारपर्यंत लोक विसरून जात.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर पलटण सरहद्दीकडे निघाली तेव्हा काकासाहेबांना उत्साह आला. प्रत्येक जवानाचा घरच्या माणसाबरोबर फोटो काढू, एक प्रत घरपोच देऊ, असं त्यांनी अंकात छापून टाकलं. छावणीच्या मैदानावर ही रांग लागली. निम्म्या रांगेतच फिल्म संपली. व्यंकटरावांनी वळून पाहिलं, तर काकासाहेब कानाशी येऊन पुटपुटले, “चालू द्या कोरडे. परत आल्यावर काढू की सगळ्यांचे.”

त्या कोरड्यांत कडूबा होता. फर्दापूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा, उंच, हडकुळा. आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली म्हणून याला दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं. त्यानं आईला पुढं केलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला. मनकर्णाबाईंनी जन्मात कधी फोटो काढला नव्हता, त्या कॅमेऱ्याकडे अशा बघत होत्या जणू तो काही विचारणार आहे. व्यंकटराव म्हणाले, “हसा बाई.” मुलगा आधी हसला, मग त्याच्याकडे बघून आई हसली. कॅमेऱ्याच्या काचेवर ती दोघं लख्ख उमटली होती. व्यंकटरावांनी त्याचा चेहरा पाहिला, पण लक्षात ठेवला नाही. लक्षात ठेवायला फिल्म असते.

डिसेंबरात युद्ध झालं आणि कडूबा गेला. देह गावी आला नाही, तिकडेच अग्नी दिला. आता संक्रांत उलटून गेली होती आणि बाई फोटोसाठी पुन्हा आल्या होत्या. ‘धुवायला मुंबईला गेलाय’, ‘आज उद्या येईल’ अशा थापा मारून व्यंकटरावांनी त्यांना दर वेळी माघारी लावलं होतं. भरतीच्या वेळचा एखादा फोटो सरकारी कागदांत असणार म्हणून त्यांनी तिकडे पत्रं धाडली होती. ते कागद दुसऱ्या प्रांतात, आणि उत्तराचा पत्ता नाही. वस्तीवर कुणाकडे दुसरा फोटो असायचं कारण नव्हतं. जवळच्या लेण्यांपाशी फोटोवाले होते, पण ते पाहुण्यांसाठी.

“रोल जळाला म्हणून सांगा,” काकासाहेब म्हणाले. “एकदाच रडतील अन् जातील. रोज रोज मरण्यापेक्षा ते बरं. माझाबी जीव खालीवर होतो त्या पायरीवर बसल्या की.”

हे सांगायचंच असा निश्चय करून व्यंकटराव बाहेर गेले. बाई लगबगीनं उठून उभ्या राहिल्या.

“आला का भाऊ, मुंबईहून?”

“बाई, त्याचं काय झालं...”

“मी आले नसते, पर सून लई वंगाळ झालीय,” बाई म्हणाल्या. त्यांना बोलायचंच होतं, ऐकायला कुणी मिळालं नव्हतं. “आवडा नाव तिचं. आठवा चालू हाय. अन्नाला शिवत नाय. तिचं एकच, आत्या, मला त्यांचं तोंड आठवंना. वैशाखात सुट्टीवर आला तवा लगीन केलं. रजा संपली अन् गेला. दिवसा माणसांत, खाली पदर. रातीला अंधार. तिनं त्याला डोळं भरून बघितला कधी? आता डोळे मिटून बसती अन् आठवंना झालं की भिताडावर डोकं आपटती. लेकराला कुणाचं तोंड दाखवू, म्हणती. मी म्हनलं, फोटो हाय ना. छावणीत काढलाय, आमचा दोघांचा. तेवढ्या बोलण्यावर ती तगलीय बघा.”

व्यंकटरावांच्या जिभेवरचा जळालेला रोल जिभेवरच राहिला.

“तुमची परतीची गाडी किती वाजता आहे?”

“संध्याकाळी हाय एक.”

“त्याच्या आत देतो.”

बोलून गेले आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं त्यांना वाटलं. मघाशी खोटं सांगायला बाहेर आले होते, ते त्याहून मोठं खोटं सांगून आत चालले होते.

फोटो धुवायच्या कोंदट खोलीत बिस्किटांच्या डब्यांत जुन्या फिल्मा ठेवलेल्या होत्या. व्यंकटरावांनी एकेक डबा जमिनीवर उपडा केला. फिल्मच्या पट्ट्या दिव्यासमोर धरून धरून डोळ्यांना पाणी सुटलं. ब्रिगेडियरसाहेब होते, त्यांच्या सौभाग्यवती होत्या, त्यांचा कुत्रासुद्धा तीन वेगवेगळ्या बाजूंनी होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत शिपाईगडी कुठं दिसलेच तर ताट धरलेला हात म्हणून, नाहीतर खुर्चीमागचा अर्धा खांदा म्हणून. हे आपणच काढले आहेत, कडेची माणसं आपणच कापली आहेत, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. त्यांना रडू आलं, आणि रडायला वेळ नव्हता.

दुपारी रस्सीखेचीचा एक फोटो हाताला लागला. जुना अंक काढून नावं पाहिली, तर दोराच्या शेवटच्या टोकाला कडूबा. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. व्यंकटरावांनी तेवढाच भाग मोठा करून छापला. पाण्यातून कागद वर आला तसा त्यांनी तो दिव्याखाली धरला. कान आला होता, जबडा आला होता, मिशीची रेघ आली होती. पण जोर लावताना गडी हलला होता. डोळ्यांच्या जागी नुसते दोन काळपट डाग होते.

नवरदेवाच्या गालावरचे देवीचे वण पुसणं, साहेबांच्या टकलावर चार केस उगवून देणं, ही कामं व्यंकटराव ब्रश आणि पेन्सिल घेऊन नेहमीच करत. पण डोळे काढायचे म्हणजे ते आधी आठवायला हवेत. त्यांनी डोळे मिटले, ते मैदान आठवलं, खांद्यावरचा हात आठवला. पुढचं काही केल्या आठवेना. वस्तीवरची ती पोर भिंतीवर डोकं का आपटते ते त्यांना कळलं.

त्यांनी दार किलकिलं करून बाहेर पाहिलं. बाई पायरीवर तशाच बसल्या होत्या, रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत. काळेभोर, खोल डोळे होते, पापणी थोडी उतरलेली. मुलगा आईवर जातो, निदान अर्धा तरी जातो, अशी मनाची समजूत घालून व्यंकटराव परत टेबलाशी बसले. एकदा दाराकडे जायचे, एकदा कागदाकडे यायचे. रेघ कुठं चुकली नाही. उन्हं कलली तेव्हा कागदावरून एक तरणाबांड मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

“झकास,” काकासाहेब म्हणाले. “सव्वीस जानेवारीच्या अंकात पहिल्या पानावर घेऊ. आजच छपाईचा ब्लॉक करायला टाकतो.”

“हा कडूबा नाही, काकासाहेब.”

“कुणाला कळतंय?”

“आईला.”

काकासाहेबांनी चष्मा काढला आणि ते धोतराच्या सोग्यानं उगाच पुसत बसले.

बाईंनी पदराला हात पुसून फोटो दोन्ही बाजूंनी अलगद धरला. “माझा नाय व्हय आला त्याच्यासंगं?” असं विचारून त्या उत्तराला थांबल्या नाहीत. बोट कानावर गेलं. “कान त्याचाच. टोचल्यावर चिघळला हुता. बघा, हितं खळगा हाय.” बोट जबड्यावरून, मिशीवरून फिरलं. बाईंचा चेहरा उजळला. मग बोट वर गेलं आणि थांबलं.

रस्त्यावरून एक टांगा गेला. बाई फोटो जवळ न्यायच्या, लांब धरायच्या.

“डोळे कुणाचे हायेत हे?” त्यांनी हळूच विचारलं. “त्याचे घारे हुते. बापावर गेला हुता त्यो.”

व्यंकटराव त्यांच्या खालच्या पायरीवर बसले.

“तुमचे आहेत, बाई,” ते म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. फिल्म कशी संपली, रिकामा खटका कसा दाबला, मुंबईचं कसं खोटं. सांगताना त्यांनी काकासाहेबांचं नाव घेतलं नाही.

“म्हंजी त्या दिशी त्या डब्यात कायच नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग आमाला हसा कशाला म्हनलात?”

बाईंनी हे रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, कानफटात मारली असती तर व्यंकटरावांनी उपकार मानले असते. व्यंकटरावांनी फोटोकडे हात पुढे केला.

“द्या इकडं,” अखेर ते म्हणाले. “फाडून टाकतो. माझी चूक झाली.”

बाईंनी फोटो झटकन छातीशी धरला.

“ऱ्हाऊ द्या. आवडाला चालंल.”

“अहो, पण हे डोळे...”

“तिला काय ठाव, भाऊ? तिला एक तोंड पायजे. हे घेऊन गेले तर पोर दोन घास खाईल. घारे म्हणून सांगत बसले, तर तिनं कुठून आणायचे?”

“आणि तुम्हाला?”

“मला कशाला फोटो? मला आठवतंय की.”

आत काकासाहेबांची खुर्ची करकरली. बाई उठल्या. पिशवीतलं धडुतं काढून त्यांनी फोटो गुंडाळला, चेहरा आतल्या बाजूला करून. मग पायरी उतरता उतरता त्या थांबल्या.

“पेपरातबी ह्योच छापा. शाळेत फोटो लावायचा म्हणत्यात, तिथंबी ह्योच जाईल. दोन तोंडं करू नगा.”

व्यंकटरावांनी मान हलवली. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाई चार पावलं गेल्या आणि वळून पुन्हा जवळ आल्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

“अन् लेकराचे डोळे घारे निघाले,” त्या म्हणाल्या, “तर मी सांगीन, आज्यावर गेलं.”