संपर्क तुटण्याचं कारण

आमच्या घरात फोन एकच होता आणि इंटरनेटही त्याच तारेतून यायचं. त्यामुळे आत्याने रिसीव्हर उचलला की दादाची लढाई संपायची. आत्या कपडे शिवायची, गिऱ्हाइकांचे फोन हा तिच्या कामाचाच भाग होता. दादा मात्र 'वादळ' या नावाने संगणकावरचा युद्धाचा खेळ खेळायचा. त्याची एक टोळी होती. त्यातल्या बहुतेकांचे चेहरे त्याने पाहिलेले नव्हते, पण त्यांच्यावर तो जीव टाकायचा.

टोळीचा एक नियम होता. लढाई चालू असताना जो गायब होईल, त्याने टोळीच्या वेबपेजवर तारीख घालून कारण लिहायचं. नवं कारण सगळ्यात वर, म्हणजे आल्या आल्या सर्वांना दिसेल. ही शिक्षा होती. बाकीचे "लाइन गेली" लिहून मोकळे व्हायचे. दादाला हकालपट्टीची धास्ती होती, म्हणून तो सविस्तर लिहायचा: "पूल माझ्या ताब्यात होता. तेवढ्यात आत्याने एका बाईंना बाहीचं माप विचारायला फोन उचलला. बाही साडेआठ इंच. पूल गेला."

हळूहळू शत्रूच्या टोळ्याही हे वाचू लागल्या. खाली कुणीतरी विचारलं, "बाही नीट बसली का?" दादाने नवी तारीख घालून त्याचं उत्तर लिहिलं. त्या दिवशी लढाई नव्हतीच. या प्रकाराला पुढे 'ब्लॉग' असं नाव मिळालं, ते तोवर आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

टोळ्यांच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याआधी टोळीचा सेनापती घरी आला. एरवी तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा.

"वादळा, या वेळी गायब झालास तर टोळीतून बाहेर."

"आत्याला सांगून ठेवतो."

"कोण कुणाला सांगतं, ते सगळ्यांनी वाचलंय."

दादाने आत्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "आत्या, दोन तास. फोनकडे बघूसुद्धा नकोस."

"मी कुठे बघते? तूच माझ्याकडे बघून लिहीत असतोस."

"तुला कुणी सांगितलं?"

"गिऱ्हाइकं वाचून दाखवतात. आणि बाही नऊची होती."

सामना सुरू झाला तरी आत्या फोनकडे फिरकली नाही. तिचं शिवणयंत्रसुद्धा गप्प होतं. दादा आयुष्यात खेळला नव्हता असा खेळला. किल्ला हाती आला, शत्रूचे दोघेच उरले. थोडीच मिनिटं बाकी होती. आणि पडदा थिजला.

आम्ही शेजारच्या खोलीत धावलो. आत्या रिसीव्हर कानाला लावून बसली होती. तिने नंबर फिरवलाच नव्हता.

"आत्या! का?"

"अरे, सकाळपासून काही घडलंच नाही. उद्या लिहिणार काय तू? त्या बायका मला विचारतील."

दादाने तिच्या हातातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. मग त्याने लाइन पुन्हा जोडली. सेनापतीचा निरोप आलेला होता: "नियमाप्रमाणे तू टोळीतून बाहेर. पेजचा पासवर्ड मात्र तुझ्याकडेच ठेव. कारण लवकर लिही, लोक थांबलेत."

दादाने तारीख घातली. आत्या त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"आधी ती बाही दुरुस्त कर," ती म्हणाली.