हवेत कुणी उठून जात नाही

बलूनमध्ये बसायची हौस मला कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळ्यांनी मलाच विचारलं, या वयात तुला हे काय सुचलं म्हणून. मला सुचलं होतं ते एवढंच, की जमिनीपासून हजार फुटांवर, छातीएवढ्या उंच टोपलीत आमचे हे उठून जाणार कुठे?

ह्यांना उठून जायची सवय आहे. आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे धुलाईची यंत्रं आणि वाफेची मोठी इस्त्री. नको तो विषय निघाला की हे काउंटरवरून उठतात, मागे जातात आणि इस्त्रीचं पेडल दाबतात. फस्स करून वाफ निघते. मग आपण बोलत बसायचं, समोर नुसती वाफ. घरी इस्त्री नाही, तिथे गच्ची आहे. माझा राग नाकावर असतो हे मला मान्य आहे, पण रागवायला समोर माणूस तर लागतो ना.

नको तो विषय म्हणजे मुख्यतः ह्यांचा भाऊ. त्याला सगळे धाकटाच म्हणायचे, गिऱ्हाइकंसुद्धा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नववीत होता. शिक्षण संपल्यावर दुकानातच लागला, आणि डाग काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाई, तेल, गंज, काहीही द्या. बारा वर्षांपूर्वी एकदाच चुकला. एका गिऱ्हाइकाचा पांढरा रेशमी कोट त्याच्या हातून कॉलरखाली पिवळा पडला. दुकानात मोठा तमाशा झाला, आणि तिसऱ्या दिवशी धाकटा बॅग भरून दुसऱ्या शहरात निघून गेला. तेव्हापासून येणंजाणं बंद. मी त्याचं नाव काढलं की हे उठलेच. भाऊ ऐन हंगामात दुकान टाकून गेला, तो राग ह्यांनी मनात धरला, असा मी त्याचा अर्थ लावला. शेवटी मीही नाव काढणं सोडून दिलं.

बलूनच्या आठवडाभर आधी त्याचा मला फोन आला. बारा वर्षांनी आवाज ऐकला आणि मी पहिलं विचारलं ते, कोण बोलतंय. हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, दहा दिवसांनी, सोमवारी. डॉक्टर चांगले आहेत म्हणाला, काळजीचं काही नाही म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, ‘वहिनी, त्याआधी एकदा दादाला पाठवशील का?’ मी पाठवणारी कोण, हे मला कळेना. पण तो ऑपरेशनला निघालेला माणूस, त्याच्याशी काय वाद घालायचा. बघते म्हटलं.

बघते म्हटलं खरं, पण जमेना. एकदा स्वयंपाकघरात सुरुवात केली तर हे गच्चीवर. एकदा दुकानात, तर फस्स. अशात आमची ठरलेली चार दिवसांची सुट्टी आली. मुलीने दोन महिने आधी करून ठेवलेलं बुकिंग, रद्द करायला कारण सांगावं लागलं असतं. हॉटेलच्या काउंटरवर बलूनचा मोठा फोटो होता. वर रंगीत गोळा, खाली टोपली, टोपलीत दाटीवाटीने उभी माणसं. मी तिथल्या तिथे शुक्रवारची सकाळ ठरवून टाकली. हे तासभर तरी हुज्जत घालतील असं वाटलं होतं. शिडीवर चढून बल्ब बदलायला नको म्हणणारा माणूस. पण ‘चालेल, जाऊ या’ म्हणून मोकळे झाले, आणि मी आ वासून बघत राहिले.

शुक्रवारी उजाडायच्या आत आम्ही मैदानावर. सगळ्यांत आधी वजन. चारचौघांत, काट्यावर उभं करून, मोठ्याने आकडा सांगून. पायलट म्हणजे एक चाळिशीची बाई होती, आखूड केसांची, हातात जाड मोजे. तिने आकडे लिहून घेतले आणि टोपलीच्या एका कप्प्यात आम्हा दोघांना, दुसऱ्यात एका तरुण जोडप्याला उभं केलं. मधल्या कप्प्यात ती आणि तिचे सिलिंडर. मी बलूनच्या कापडाला हात लावून पाहिला. पातळ नायलॉन, शिवण दुहेरी, काम चोख. पण त्याच कापडाच्या तोंडाशी तिने हातभर लांब ज्योत सोडली, तेव्हा मी हात झटकन मागे घेतला. कापडाला आग दाखवायची नाही, हे मी तीस वर्षं नवीन माणसांना पहिल्याच दिवशी शिकवत आले.

मी दोरीची कडी घट्ट धरून वर जायची वाट बघत होते. धक्का नाही, हेलकावा नाही. ‘निघणार कधी?’ म्हणून विचारलं, तर ह्यांनी खाली बोट दाखवलं. आमची गाडी काडेपेटीएवढी झालेली. वाऱ्यात होतो म्हणावं तर माझ्या कपाळावरचा केस हलत नव्हता. पायलटबाई म्हणाली, आपण वाऱ्याबरोबरच चाललोय, मग वारा लागेल कसा. हे ऐकून मला कळलं असं वाटलं, आणि लगेच पुन्हा कळेनासं झालं. मी विचारलं, उतरायचं कुठे. ती म्हणाली, ते वारा ठरवेल, गाडी मागून येतेय, शोधून काढेल आपल्याला. म्हणजे ज्या बाईच्या हवाली आम्ही जीव केला होता, तिलाच उतरायचा पत्ता ठाऊक नव्हता.

आणि हे खूश. तीस वर्षांत न पाहिलेले. त्या जोडप्याला नदी दाखव, रस्ता दाखव, पायलटबाईला सिलिंडर किती वेळ चालतो ते विचार. मी मनात वाक्यं जुळवून आणली होती. ‘हे बघा, रक्ताचं नातं आहे’ इथून सुरुवात करून ‘नंतर हळहळून उपयोग नाही’ इथपर्यंत. बर्नर बंद झाला, सगळं चिडीचूप झालं, खालून एक कुत्रं भुंकलेलं स्वच्छ ऐकू आलं, आणि माझी सगळी वाक्यं उडाली.

“धाकट्याचा फोन आला होता,” मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. उठून जायची सोय नव्हती, ते मी आधीच बघून ठेवलं होतं. पण चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती.

“तुलाही केला त्याने?”

“तुलाही म्हणजे?”

मग जे निघालं ते मी सरळ सांगते, कारण मला ते सरळ कळायला बराच वेळ लागला. धाकट्याने आधी ह्यांना फोन केला होता. हे म्हणाले होते, यायची इच्छा आहे, वहिनीला विचारून सांगतो. आठ दिवस ह्यांची विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून त्याने शेवटी मला केला. आणि हे काही पहिलंच बोलणं नव्हतं. बारा वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी, हे मागच्या खोलीतून भावाला फोन करत होते. मी बँकेत गेले की. बलूनला हे लगेच हो म्हणाले तेही त्यासाठीच. वर गेल्यावर सांगून टाकू, तिथे ही भांडी आपटणार कुठून, असा ह्यांचा हिशेब.

मी म्हटलं, थांबा. तुम्ही त्याच्यावर रागावला आहात. हे म्हणाले, मी कशाला रागावू? मी म्हटलं, मग नाव काढलं की उठून का जाता? तर म्हणाले, तू पुन्हा सुरू करशील म्हणून. मी तर तो बरा असेल ना, एवढं विचारायला नाव काढत होते. पायलटबाईने बर्नर सोडला. डोक्याला धग लागली, बलून वर गेला की खाली आला मला समजलं नाही, आणि खरं तर माझं तिकडे लक्षच नव्हतं.

आवाज थांबल्यावर मी विचारलं, “मी काय सुरू करणार होते?”

“तूच म्हणालीस ना. कोट तुझ्या हातात होता. म्हणालीस, या दुकानात एक तर हा राहील, नाही तर मी.”

मला कोट आठवत होता. त्याचा डाग, त्याचं शिंपल्याचं बटण, गिऱ्हाइकाचा वाढत गेलेला आवाज, सगळं आठवत होतं. हे वाक्य आठवेना. मी पुष्कळ ताण दिला. आठवेना, कारण ते वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी म्हणते. वायरमनला म्हणते, बंद पडलेल्या यंत्राला म्हणते, ह्यांच्या जुन्या चपलांना म्हणते. मुलगी लहानपणी माझी नक्कल करायची ती हेच वाक्य म्हणून.

“अहो, ते मी सगळ्यांनाच म्हणते.”

“त्या दिवशी वेगळं म्हणालीस,” हे म्हणाले. “रात्री जेवली नाहीस. सकाळी त्याला चहा दिला नाहीस. तो म्हणाला, दादा, मी जातो, वहिनी गेली तर दुकान बसेल. मी रात्रभर विचार केला.” मग समोर बघत, गिऱ्हाइकाला पावतीवरची तारीख सांगावी तसं म्हणाले, “मग मी तुला ठेवलं.”

आता यावर माणसाने करायचं काय? तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याबद्दल बोललेलं हे सगळ्यांत मोठं वाक्य. दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकलं असतं तर मी महिनाभर ते मनात घोळवलं असतं. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस बॅग घेऊन उभा होता, आणि त्याला दाराबाहेर मीच काढलं होतं, माझ्या नकळत, तोंडाचा पट्टा सुटल्यावर जे काय निघतं त्यातल्या एका वाक्याने. मला आनंद होत होता आणि लाज वाटत होती, आणि दोन्हींतलं आधी कुठलं धरावं हे समजत नव्हतं. वर ह्यांचाही संताप येत होता. एकदा विचारायचं तरी, की बाई, हे तू खरंच म्हणतेस का? विचारलं नाही. मीही बारा वर्षांत विचारलं नाही, की तुम्ही खरंच रागावलात का. मला रडू फुटलं.

पायलटबाईला वाटलं मी घाबरले. तिने समजूत घातली, आता उतरतोच आहोत, सगळ्यांनी पाठ पुढे करून गुडघे वाकवा, दोऱ्या धरा. आम्ही दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसलो. टोपली एकदा आपटली, उडाली, पुन्हा आपटली, थोडी फरफटली आणि हळूच आडवी झाली. म्हणजे आम्हीही आडवे. कापणी झालेल्या शेतात, पाठीवर पडून, पाय वर. तिकडचं तरुण जोडपं हसत सुटलं होतं.

मी तशीच पडल्या पडल्या विचारलं, “मग बारा वर्षं रागावलं होतं कोण?”

ह्यांनी खरोखर विचार केला. माझ्या बाजूला, आभाळाकडे बघत.

“मला वाटतं, कुणीच नाही,” हे म्हणाले.

पायलटबाई एकेकाला बाहेर ओढत होती. माझ्या केसांत काड्या, कोपर खरचटलेलं. गाडी अजून दिसत नव्हती. मी तिथेच ढेकळांवर बसून धाकट्याला फोन लावला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला, आणि मी काही बोलायच्या आत दादा बरा आहे ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, बरा आहे, इथेच आहे, आम्ही उद्या निघतोय, रविवारी सकाळी तुझ्याकडे पोचतो, ऑपरेशन होऊन तू हिंडायला लागेपर्यंत राहतो. दोघंही.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुला चालेल ना?”

छाती त्याची कापणार होते, आणि परवानगी तो माझी मागत होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. नववीत असताना दुसरी पोळी मागायचा तीसुद्धा अशा आवाजात कधी मागितली नव्हती.

मला खूप बोलायचं होतं. ते वाक्य मी म्हटलं होतं पण तसं म्हटलं नव्हतं, हे कसं सांगतात? ते मला अजूनही जमलेलं नाही. मी नुसतं चालेल म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, चालेल. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच म्हणत राहिले, तेव्हा ह्यांनी माझ्याजवळ खाली बसून फोन हातातून काढून घेतला आणि भावाला सांगितलं, “अरे, ती हो म्हणतेय.”