नऊ ते पाच उघाडी

"पोरी, भरतीचं पानी कोनाच्या घड्यालाव येत नाय. तिथी मोज, मंग फल्या टाक."

सासूचा हा आवाज पुतळाबाईच्या कानात पस्तीस वर्षं मुरला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात म्हातारीने तिला उमेळ्याच्या पलीकडे, खाडीच्या बांधावर उभं केलं आणि बांधातलं दार, म्हणजे उघाडी, दाखवली. ओहोटीला फळ्या उचलायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरतीआधी फळ्या टाकायच्या, नाहीतर खारं पाणी भात जाळतं. वर ओवीही शिकवली:

अवसेचं गो पानी, दोनदा माज्या दारी
सूर्व्या माथ्याव दुपारी, चांदन्या माथ्याव राती

उघाडीची कंत्राटी नोकरी मात्र नवऱ्याच्या, रामूच्या नावावर. अकरा वर्षं दोघं बांधावर जात. ती फळ्या ओढी, तो बिडी.

यंदा नारळी पुनव सरली आणि नवा कंत्राटदार आला. त्याच्या सुपरवायझरने, संकेतने, रामूला उभ्या उभ्या घरी पाठवलं. "काका, साठी झाली, गुडघे गेले. आणि फळ्या उचलायला काय लागतं? कोणीही करेल." चांदीप गावच्या अल्पेशला नेमलं. ड्युटी नऊ ते पाच.

"कोनीबी?" पुतळाबाई त्या दिवसापासून चुलीसारखी धुमसत होती. "मेला कोंबड्याला बांग शिकवाला निंगाला! भरती काय पाचला हापीस बंद करून घरा जाते?"

रामू खाली मान घालून गुडघा चोळत बसे.

श्रावणातल्या अवसेला पाच वाजले. ओहोटी लागलेली, पाणी खळखळत बाहेर चाललं होतं. फळ्या वरच ठेवून अल्पेश घरी गेला. मध्यरात्री भरती आली आणि उघड्या दारातून सरळ आत शिरली.

सकाळी गाव बांधावर जमलं. महिन्याभरापूर्वी लावलेल्या भातात खाडीची मासळी, बोयटं, तडफडत होती. पुतळाबाईने चिखलात हात घातला, बोट जिभेला लावलं आणि थुंकली. मीठ.

संकेत मोटारसायकलवरून आला. "काका, चार दिवस येऊन अल्पेशला जरा शिकवा ना. सहकार्य म्हणून. पगारात बसवता नाही येणार."

"सहकार्य?" पुतळाबाई चिखलाच्या हातांनीच पुढे झाली. "तेव्हा कोनीबी करल, आनि आता सहकार्य? ये, उतर खाली! खा हा भात, बग गोड लागते का!"

"मावशी, मना पाचचाच टायम सांगितलेला," अल्पेश रडकुंडीला आला.

"तुज्याव राग नाय रं बाला. तुना कोनी सांगितलंच नाय."

संकेतने हात वर केला. "मावशी, मी काकांशी बोलतोय. काम त्यांचं होतं, तुमचं नाही."

काम कोणाचं, ते बांधावर सगळ्यांना ठाऊक होतं, पण रामूची लाज राखायला कोणी बोलत नव्हतं. पुतळाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तिचा निम्मा राग संकेतवर होता; उरलेला कोणावर, ते त्या दोघांनाच माहीत.

रामू काठी टेकत पुढे आला. 

"माज्याशी नको बोलू, साहेब. मना तिथी मोजता येत नाय. कंदीच आली नाय. अकरा वर्सं मी निसती सही केली... उघाडी हिनं राखली. शिकाचं असल त हिला इचार. आनि पयलं कागदाव हिचं नाव लिव. पुतलाबाय."