सगळ्यांना सरसकट तीन

वादळ आलं त्या सेमिस्टरला ताक्लोबानच्या आमच्या कॉलेजने सगळ्यांना सरसकट तीन दिले. आमच्याकडे एक म्हणजे सगळ्यात भारी, तीन म्हणजे जेमतेम पास, पाच म्हणजे नापास. लॅबमध्ये गाळ, पेपर वाहून गेलेले, दोन सर तर सापडलेच नाहीत. परीक्षा घेणार कोण? डीन चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले, कुणाचंही वर्ष वाया जाणार नाही. लोक रडले. आमच्यात मोठ्यांना करतात तसा मी वाकून त्यांचा हात कपाळाला लावला.

कॅल्क्युलसमध्ये तोवर माझा दीड चालला होता. दीडचा तीन झाला. म्हटलं जाऊ दे, जिवंत आहोत.

माझी मोठी बहीण रोसेल, आमची मनांग म्हणजे ताई, तेव्हा तैवानला गेली. एका म्हाताऱ्या आजोबांचं सगळं करायला. तिची पोरगी जेना तेव्हा रांगत होती. घरी मला इंतोय म्हणतात. मनांग निघताना म्हणाली, "इंतोय, तू इंजिनियर झालास की त्याच आठवड्यात मी घरी." जेना आता शाळेत जाते आणि आमच्या आईला, नानायला, मामा म्हणते. मामा म्हणजे आमच्यात आई.

ताक्लोबानला सिव्हिल परत सुरूच झालं नाही, म्हणून मी सेबूच्या कॉलेजला आलो. जुनं गुणपत्रक येईपर्यंत तात्पुरता प्रवेश, म्हणाले. ते यायला वर्षं गेली. मी शिकत राहिलो, पास होत राहिलो. शेवटच्या वर्षी पदवीचा अर्ज भरला, तेव्हा कुठे कुणीतरी ते कागद उघडून बघितले.

तपासणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, हे आधी सांगतो.

"होविट, तुझे हे सहा विषय आम्हाला धरता येत नाहीत. बाहेरून आलेल्याला अडीच तरी लागतात. तुझे तीन आहेत."

"मॅडम, ते वादळाचे तीन आहेत."

"कागदावर वादळ दिसत नाही रे बाळा."

"पण पुढचं कॅल्क्युलस मी इथेच पास झालोय! तुमच्या कॉलेजात. पावणेदोनने!"

"तोच तर घोळ आहे. पहिलं न करता दुसरं केलंस. म्हणजे दुसरंही रद्द. आणि त्याच्यावर उभे असलेले सगळे."

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पोल्वोरॉन, भाजलेल्या पिठाची वडी, काढून पुढे ठेवला. नाही म्हणवेना. तोंडात त्याचं कोरडं पीठ झालं आणि मला बोलताच येईना.

जुन्या कॉलेजला फोन केला. परत परीक्षेला बसू द्या म्हटलं. पास झालेल्याला परत बसता येत नाही, म्हणाले.

खोलीवरचा बर्तो ऐकून हसायलाच लागला. "अरे, नापास झाला असतास तर सुटला असतास! परत बसला असतास, दीड घेतला असतास. पास केलं तिथेच मेलास तू."

खरंच होतं. मीपण हसलो. मग बराच वेळ संडासात जाऊन बसलो.

रविवारी मनांगचा फोन आला.

"मनांग, एक बोलायचं होतं."

"आधी माझं ऐक. माझं सामान पुढे निघालं, खोका बोटीवर चढला! कोट, ब्लँकेट, राईस कुकर, सगळं. आता खोलीत मी आणि एक चमचा. काटापण पाठवला."

सांगितलं. मागे आजोबा कुणाला तरी हाका मारत होते. तिलाच असणार.

"किती?"

"दोन वर्षं. जास्तपण लागतील."

"पण तू पास झाला होतास ना? नानाय फोनवर नाचत होती."

"झालो होतो."

"मग?"



"मी सोडतो, मनांग. काम धरतो कुठेतरी. तू ये."

"गप बस, गाढवा! सोडलंस तर इतकी वर्षं मी म्हाताऱ्याचं ढुंगण कशाला धुतलं?" मग आवाज खाली आला. "आजोबा खूश होतील. नवीन बाई नको म्हणून जेवत नव्हते."

तिने परत करारावर सही केली.

मी गावी गेलो तेव्हा खोका नुकताच आला होता. बाकी सगळ्या घरांत खोका आला की शेजारी जमतात. नानायने दार लावून घेतलं होतं. जेनाने कोट शोधून अंगात घातला. बाह्या लोंबत होत्या, खालची कड जमिनीवर.

"तितो, मनांग कुठल्या जीपने येतेय?" तितो म्हणजे मी. स्वतःच्या आईला ती आमचं ऐकून मनांगच म्हणते.

नानाय म्हणाली, "तो कोट परत पाठवावा लागेल. तिकडे थंडी पडेल आता. काढ गं."

पोरगी काढेना. कॉलर दातात धरून कोपऱ्यात बसली. नानाय उठली आणि चुलीपाशी गेली, माझ्याकडे न बघता.

बाह्या धरून शेवटी मीच ओढला.